दहा इंची मिनी लेथ: निवृत्तीनंतर लाकूड कातायला शिकणाऱ्यासाठी कितपत कामाचा?

लाकूड कातायचं यंत्र, म्हणजे लेथ, घ्यायचं म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की तीन जाती समोर येतात. पहिली, अडॅप्टरवर चालणारी खेळण्याएवढी. तिच्यावर मणी होतात, लाटणं होत नाही. दुसरी, मीटरभर लांब, नळ्यांच्या किंवा पत्र्याच्या बेडची (बेड म्हणजे यंत्राचा खालचा आडवा पाया), स्वस्त आणि फोटोत भरदार दिसणारी. तिसरी, बिडाच्या बेडचा बुटका ‘दहा बाय अठरा’ मिनी लेथ. हे परीक्षण तिसऱ्या जातीचं आहे. तो वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, पण आतली मांडणी जवळपास सारखीच असते.

निकाल आधीच सांगतो. यंत्र घेण्यासारखं आहे, त्याच्यासोबत गळ्यात मारला जाणारा आठ हत्यारांचा संच घेण्यासारखा नाही. हाताशी शंभर रुपये असतील तर साठ यंत्राला द्या. उरलेले चाळीस ग्राइंडर, तीन-चार खरी एचएसएस (हायस्पीड स्टील) हत्यारं आणि चेहऱ्यावरची ढाल यांना ठेवा. शंभरच्या शंभर यंत्रात घालणारा पहिल्याच महिन्यात ‘आपल्या हातात ही कला नाही’ असं म्हणू लागतो. बोथट पटाशीने कुणाच्याच हातात ती येत नाही.

दहा बाय अठरा म्हणजे काय

स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापासून बेडपर्यंत पाच इंच, म्हणजे जास्तीत जास्त दहा इंच व्यासाचं लाकूड फिरेल. दोन टोकांच्या मध्ये अठरा इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर लांबी बसेल. आपल्या घरातल्या वस्तूंनी मोजायचं तर तेरा इंची लाटणं आरामात, नऊ इंची पोळपाट बेताने, रवी, भोवरा, विटी, मसाल्याच्या डब्या, लहान वाडगे सगळं बसतं. पलंगाचा किंवा बाजेचा पाय बसत नाही. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, ज्या सरकत्या ठोकळ्यावर उभं असतं तो बँजो लाकडाच्या खाली आला की त्याच्यावरून सात-साडेसात इंचच निघतं, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. पोळपाटासारख्या पातळ चकतीला त्याने अडत नाही, कारण बँजो चकतीच्या पुढे उभा राहतो. खोल वाडग्याची बाहेरची बाजू कातताना मात्र तो आडवा येतो.

पलंगाचे पायच करायचे असतील तर मीटरभराची दुसरी जात बघावी लागेल. तिथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. एक, सर्वांत कमी गती. या जातीच्या बऱ्याच यंत्रांत ती मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास असते. दहा इंची, अजून गोल न झालेला ठोकळा त्या गतीला बसवला तर अख्खं टेबल चालू लागतं. दुसरी, स्पिंडलचे आटे. बारीक आणि बिनमेळ आटे असले की पुढे चक, म्हणजे लाकूड जबड्यांत धरणारा भाग, मिळता मिळत नाही.

मिनी लेथला बहुतेक वेळा एक इंच, इंचाला आठ आटे असं स्पिंडल असतं, काहींना ‘एम ३३ बाय ३.५’. दोन्ही चालतात, दोन्हींसाठी चक मिळतात. आतला निमुळता खाचा ‘एमटी २’ (मोर्स टेपर नंबर दोन) मापाचा असावा. इथे एक स्थानिक सापळा आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक इंची बीएसडब्ल्यू (ब्रिटिश मापाचा) नट मिळतो, त्यालाही इंचाला आठच आटे असतात आणि तो दोन-तीन फेरे आत जातोही. पण त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, स्पिंडलचा ६० अंशांचा. पान्याने दामटलात तर स्पिंडलचे आटे कायमचे जातील. फेसप्लेट, म्हणजे लाकूड स्क्रूने बसवायची चकती, करून घ्यायची असेल तर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत धातूचा लेथ चालवणाऱ्याला ‘एक इंच, आठ टीपीआय, यूएनसी’ असं लिहून द्या, शक्य तर यंत्राचाच एखादा सुटा भाग नमुना म्हणून सोबत न्या.

मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे ३७३ वॅटची असते. सुरुवातीसाठी पुरते. घरच्या वीजजोडणीवर चालते, मात्र अर्थिंग खरं हवं. तिसरी पिन नुसती शोभेला असलेले बोर्ड जुन्या घरांत अजून आहेत, वायरमन बोलावून तपासून घ्या. गती बदलायच्या दोन पद्धती येतात: पुलीवरचा पट्टा हलवून, किंवा बटन फिरवून. बटनाच्या यंत्रातही आत दोन-तीन पुल्या असतात, आणि नवशिका त्यांना हातच लावत नाही. जास्त गतीच्या पुलीवर पट्टा ठेवून बटन कमीवर आणलं की मोटरचा जोर जातो, वाडग्यात हत्यार टेकवलं की यंत्र थांबतं. वाडगा करताना पट्टा कमी गतीच्या पुलीवर घ्या आणि बटन वर ठेवा. त्याच मोटरमध्ये दम आहे हे लगेच कळेल.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी यंत्र चालवलं तर गतीनियंत्रणाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आधी दगा देतो. त्याच्या हवेच्या फटी भुशाने बुजतात ते वेगळंच. सकाळी सहा ते नऊ काम करा आणि उठताना रंगाच्या ब्रशने फटी झाडा.

खोकं उघडल्यावर

वजन चाळीस किलोच्या घरात, तेव्हा एकट्याने उचलायचं नाही. स्टँड बाजारचं घेण्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून दोन इंची अँगलचं करून घ्या, वर अठरा मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक आणि खालच्या फळीवर वाळूची दोन पोती. स्पिंडलचा मध्य उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यायला हवा. यंत्र कमरेच्या उंचीला बसवलं तर अर्ध्या तासात पाठ बोलते, आणि साठीनंतरच्या पाठीला बोलायला निमित्तच हवं असतं. पायाखाली जाड रबरी मॅट टाका. शहाबादी फरशीवर बारीक किसाचा थर चढला की ती साबणासारखी निसरडी होते.

जोडणी झाली की चालू करण्याआधी तपासणी. हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल असलेलं डोकं) टोकदार सेंटर, टेलस्टॉकमध्ये (समोरचा सरकता आधार) फिरतं सेंटर बसवा आणि दोन्ही टोकं समोरासमोर आणा. सुईला सुई भिडावी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक लाटण्याला चालेल, पण टेलस्टॉकमधून भोक पाडायचं असेल तर ते वाकडं जाईल. फरक दिसला तर हेडस्टॉकचे बोल्ट ढिले करून टोकं जुळवा आणि पुन्हा आवळा. टोकं वर-खाली असतील तर खाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालतात. स्पिंडल हाताने पुढे-मागे ओढा. जाणवेल इतकी चाल असेल तर परत पाठवा, ती पुढे वाढतच जाते. कमी गतीवर दहा मिनिटं रिकामं चालवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर पट्टा फार ताणलेला आहे.

टूलरेस्टची वरची धार या किमतीच्या सगळ्याच यंत्रांत खडबडीत असते. चपट्या कानशीने ती सरळ करा, मग १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर आणि वर मेणबत्ती घासा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण हत्यार त्यावरून अडखळत सरकतं की वाहत जातं हे त्यावर ठरतं. बँजोचा दांडा आवळूनही तो सरकत असेल तर यंत्रात दोष नसतो. खालचा नट पाव फेरा फिरवायचा असतो, एवढंच.

सोबतचा आठ हत्यारांचा संच

लाल-पिवळ्या दांड्यांचा, लाकडी पेटीत बसवलेला हा संच भेट द्यायला छान दिसतो. पात्यावर ‘एचएसएस’ कोरलेलं असलं तरी ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या पाहा. खऱ्या हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, लालसर आणि मोजक्या असतात. साध्या कार्बन स्टीलच्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. कार्बन स्टील वाईट नाही, पण धार लावताना निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला समजा, तो घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. नवशिक्याच्या हातून ते दर दुसऱ्या वेळी निळं पडतं. एचएसएस ६०० अंशांच्या आसपासही कडकपणा सोडत नाही. जाता जाता एक: कार्बन स्टील तापलं की पाण्यात बुडवा, एचएसएस बुडवू नका, काठावर बारीक तडे जातात.

संचाऐवजी सुटी चार हत्यारं घ्या. २० मिलिमीटरचा रफिंग गाऊज (गाऊज म्हणजे पन्हळीसारखी पटाशी, हा चौकोनाचा गोल करायला), १० मिलिमीटरचा स्पिंडल गाऊज, खाचा पाडायला ३ मिलिमीटरचं पार्टिंग टूल आणि खरवडायला गोल नाकाचा जाड स्क्रेपर. वाडग्याकडे वळाल तेव्हा बोल गाऊज. स्क्यू नावाची तिरकी पटाशी सगळ्यांत गुळगुळीत काम देते आणि सगळ्यांत जास्त घाबरवते, ती दोन महिन्यांनी घ्या. गावातल्या खरादीकडे, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडे, जुन्या कानशीची केलेली हत्यारं दिसतील. कानस कडक असते तितकीच ठिसूळ. योग्य तऱ्हेने भाजून नरम केली नसेल तर टूलरेस्टवर काचेसारखी मोडते. खरादी कोणती कानस कशी भाजायची हे जाणून असतो. ते त्याच्याकडून शिकावं, नुसतं हत्यार पाहून नक्कल करू नये.

कार्बाइडच्या टिकल्या बसवलेल्या हत्यारांबद्दल मतं टोकाची आहेत. त्यांना धार लावावी लागत नाही. चौकोनी टिकलीची एक बाजू गेली की स्क्रू सैल करून दुसरी फिरवायची, अशा चार. हत्यार आडवं, सपाट धरायचं की झालं. बोटं आखडणाऱ्या, ग्राइंडरपुढे उभं राहणं नको वाटणाऱ्या माणसाला ती सोयीची आहेत यात वाद नाही. पण ती लाकूड खरवडतात, कापत नाहीत. कोरड्या बाभळीवर चालून जातं, आंब्यावर किंवा सुबाभळीवर पृष्ठभाग टॉवेलासारखा केसाळ होतो आणि सगळा वेळ पॉलिश पेपरात जातो.

ग्राइंडर आठ इंची, १४४० फेऱ्यांचा मिळाला तर उत्तम. सहा इंची २८०० फेऱ्यांचाही चालतो, हात हलका ठेवावा लागतो. त्यावर येणारा करडा दगड काढून पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा ८० नंबरचा बसवा. रफिंग गाऊजला ४५ अंश, स्पिंडल गाऊजला ३५ ते ४०, बोल गाऊजला ५५ अंश धरून चला. कोन बरोबर लागतोय का हे पाहायला मार्करने पात्याची उतरण काळी करा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा. फक्त टोकाशी पुसली तर कोन फार उभा, फक्त मागे पुसली तर फार निजलेला. पूर्ण उतरणीवर पुसली की यंत्र चालू करा. कोरड्या बाभळीवर दर दहा-पंधरा मिनिटांनी ग्राइंडरकडे जावं लागतं. सागातही हत्यार लवकर बसतं, त्याच्या लाकडात सिलिका असते.

पहिलं काम: लाटणं

शिकवणी म्हणून लाटण्याइतकं चांगलं काम नाही. चूक झाली तरी ते बारीक लाटणं होतं, आणि घरात त्याला गिऱ्हाईक असतं.

चाळीस मिलिमीटर चौरस, ३५० लांबीचा, सरळ रेषांचा म्हणजे सरळ तंतूंचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढा, पंचने खूण करा. दातेरी ड्राइव्ह सेंटर यंत्रातून बाहेर काढून लाकडात हातोडीने बसवा. यंत्रात बसवून ठोकलं तर मार बेअरिंगला लागतो. मग लाकूड चढवा, टेलस्टॉक आवळून फिरतं सेंटर रुतवा आणि चाक किंचित मागे घ्या. फार आवळलं की बारीक लाकूड मधोमध धनुष्यासारखं वाकतं आणि फिरताना फडफडतं. टूलरेस्ट लाकडापासून पाच मिलिमीटरवर, उंची मध्यरेषेच्या किंचित खाली. हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कोपरा कुठे अडकतोय का. हा फेरा कधीही चुकवायचा नाही.

चौकोनाचा गोल करताना ८०० ते १००० फेऱ्या. सरळ मधूनच सुरुवात करू नका. टेलस्टॉकच्या टोकापासून दोन-दोन इंच घेत, दर वेळी टोकाकडे कापत या, नाहीतर लांब चिरफळी उडते. हत्यार आधी टूलरेस्टवर टेकवा, मग त्याची उतरण फिरत्या लाकडावर घासू द्या, मग दांडा हळूच वर उचला, म्हणजे धार आपोआप लाकडात उतरते. क्रम उलटला, धार आधी लागली आणि हत्यार टूलरेस्टवर टेकलेलं नसलं, तर लाकूड ते हिसकावून खाली आपटतं. याला ‘कॅच’ म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यातले दहापैकी नऊ कॅच याच कारणाने होतात. हात थरथरतात म्हणून हे जमणार नाही अशी शंका निवृत्तांना असते. हत्याराचा भार टूलरेस्टवर असतो आणि दांडा मांडीला किंवा कमरेला टेकवून शरीराने सरकवायचा असतो, मनगटाने नाही. बारीक थरथरीने काही बिघडत नाही.

गोल झाला की गती १५०० ते १८०० वर न्या. पार्टिंग टूलने पाच ठिकाणी खाच पाडा, कॅलिपर ३२ मिलिमीटरला लावून तो खाचेत सरकेपर्यंत. मग खाचा जोडत जा. टोकाकडच्या मुठी १८ मिलिमीटरपर्यंत उतरवताना नेहमी जाडाकडून बारकाकडे कापा. बारकाकडून जाडाकडे गेलात तर धार रेषांच्या उलट घुसते आणि तंतू उपटून येतात. पृष्ठभागावर पिळाच्या रेषा उमटल्या तर हत्यार घाईने सरकतंय. मध्ये थरथरीच्या लहरी उमटल्या तर लाकूड वाकतंय, डाव्या हाताची बोटं मागून हलकी टेकवा आणि टेलस्टॉक जरा सैल करा.

पॉलिश करताना आधी टूलरेस्ट काढून ठेवा. १२०, १८०, २४०, ३२० हा क्रम, मधला नंबर गाळू नका. कागद लाकडाच्या खालच्या बाजूने धरा, म्हणजे हिसका बसला तर तो हातातून सुटून जाईल. तेल किंवा मेण लावायला फडकं वापरायचंच नाही, ते लाकडाला गुंडाळलं जातं आणि बोट त्याच्यामागोमाग जातं. टिश्यू पेपर घ्या, तो फाटतो.

वाडग्याची घाई करू नका, अशी वीस-पंचवीस गोल कामं होऊ द्या. गतीसाठी एक साधा हिशेब पाठ करा: व्यास इंचांत गुणिले फेऱ्या, उत्तर ६००० ते ९००० मध्ये. आठ इंची वाडग्याला ७५० ते ११००. ठोकळा गोल होण्याआधी त्याच्याही निम्म्यावर, म्हणून यंत्राची सर्वांत कमी गती ५०० किंवा त्याखाली आहे का हे घेतानाच पाहायचं. आणि रफिंग गाऊज वाडग्यावर कधीच चालवायचा नाही. त्याची मागची दांडी बारीक असते, वाडग्याच्या आडव्या तंतूंचा हिसका बसला की ती दांड्यातून मोडून उडते.

सोलापुरात लाकूड कोणतं

जळाऊ लाकडाच्या वखारीत जे मिळतं ते शिकायला पुरेसं आहे. अंगणातलं झाड स्वतःच तोडायला जाऊ नका, शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली खासगी जागेतल्या झाडालाही महापालिकेची परवानगी लागते. वखारीतून आणलेल्या ओंडक्यावर आधी लोहचुंबक फिरवा. बांधावरच्या झाडांत खिळे आणि काटेरी तार हमखास असते.

सुबाभूळ हलकी, सरळ आणि शिकण्यासाठी चांगली. बाभूळ ओली असताना लोण्यासारखी कातली जाते, वाळली की दगड. तिचं बाहेरचं फिकट लाकूड कीड पिठासारखं पोखरते, म्हणून आतला लालसर गाभाच ठेवा. साल आधी कुऱ्हाडीने काढा, तिच्यातली माती धार खाते. बोरीचं लाकूड कमी लोकांना माहीत आहे, पण भोवऱ्याला आणि लाटण्याला उत्तम. चिंचेचा जुना गाभा काळपट जांभळा निघतो आणि हत्याराची परीक्षा घेतो. कडुनिंबाचे तंतू एकाआड एक उलटे वळलेले, भुसा कडू आणि शिंका आणणारा. निलगिरी वाळताना पिळते आणि फाटते, ती सोडून द्या. कण्हेर मात्र मुळीच नको, झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो. शिसमाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, दमेकऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कोणत्याही लाकडासाठी ‘एन ९५’ मास्क लावा. पॉलिश करतानाची जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच छातीत उतरते.

इथल्या कोरड्या हवेत ओलं लाकूड फार वेगाने वाळतं आणि वेगाने वाळलं की तडकतं. ओंडका आणला त्याच दिवशी दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा जाड थर द्या. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाड काता: भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे आठ इंचाला २० मिलिमीटर. मग त्याच्याच किसासकट तो कागदी पिशवीत घाला आणि खोलीच्या खालच्या, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पंखा नको, गच्ची तर नकोच. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पिशवीवर लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडा तोच राहिला की वाळला. तोवर तो थोडा लंबगोल झालेला असतो, जाडी ठेवली ती त्याचसाठी. पुन्हा चढवून गोल करायचा.

तेल कोणतं लावायचं यावर घरात वाद होईल, कारण शेंगदाण्याचं तेल ओट्यावर असतंच. ते लाकडात सुकत नाही आणि काही महिन्यांत खवट वास मारतं. जवसाचं कच्चं तेल सुकतं, पातळ तीन हात, दोन हातांमध्ये चार-पाच दिवस. करडईचं तेलही सुकतं, पण त्याहून सावकाश. जवसाच्या तेलाने भिजलेले कागद-चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात, मे महिन्यातल्या बंद शेडमध्ये तर सहज. पाण्यात भिजवा किंवा बाहेर दोरीवर एकेक मोकळे पसरा. भोवऱ्या-खेळण्यांना लाखेचा रंग हवा असेल तर सावंतवाडी आणि चन्नपट्टणची पद्धत याही यंत्रावर जमते: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने ती वितळून बसते, मग केवड्याच्या वाळक्या पानाने घोटायचं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर लाख पापुद्र्याने सुटते.

अंगावर काय हवं, काय नको

चष्मा पुरत नाही, हनुवटीपर्यंत येणारी ढाल लागते. वाडगा फुटला तर तुकडा तोंडावर येतो. चालू करताना ठोकळ्याच्या सरळ रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहा. हातमोजे घालायचे नाहीत, हे उलटं वाटेल, पण मोज्याचा एक धागा अडकला तरी पूर्ण हात ओढला जातो. सैल बाह्यांचा सदरा, गळ्यातली साखळी, उपरणं, अंगठी, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेडमध्ये एकटं काम करू नये आणि पट्टीची पेटी हाताच्या अंतरावर असावी.

शिकवणारा कुठे मिळेल, हा नेहमीचा प्रश्न. आयटीआयमधला ‘टर्नर’ हा ट्रेड धातूच्या लेथचा असतो, तिथे लाकूड कातायला शिकवत नाहीत. त्यापेक्षा देवघराचे खांब आणि पलंगाचे पाय कातून देणाऱ्या खरादीकडे चार सकाळी नुसतं उभं राहावं, त्याची परवानगी घेऊन आणि चहाचे पैसे आपण देऊन. हत्यार कसं टेकवतो, पाय कुठे ठेवतो ते पाहायचं. त्याची गती आणि उघडे डोळे तेवढे घ्यायचे नाहीत. सोलापूर हे कापडगिरण्यांचं गाव आहे. एखादा जुना लाकडी बॉबिन (सूत गुंडाळायची कांडी) हाती लागला तर जपून ठेवा, त्याच्या दोन्ही टोकांच्या कडा आणि मधलं भोक किती नेमकं आहे ते मोजून तसाच दुसरा करायला बसणं हा लाटण्यानंतरचा उत्तम धडा आहे. त्यासाठी टेलस्टॉकमध्ये बसणारा ‘एमटी २’ चा ड्रिल चक लागेल, तो खोक्यात येत नाही.

चार जबड्यांचा चकही बहुधा सोबत येत नाही. आला तर तो स्वस्त असतो आणि जबडे एका रेषेत नसतात. पहिले तीन महिने फेसप्लेटवर काढा, चक नंतर चांगला घ्या. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: स्पिंडलचे आटे कोणते, दोन्ही बाजूंना ‘एमटी २’ आहे का, सर्वांत कमी गती किती, पट्ट्याचा नंबर काय आणि गतीनियंत्रणाचा बोर्ड सुटा मिळतो का. पट्टा आणि बेअरिंग त्यांच्यावरचा नंबर दाखवला की यंत्रमागाचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानांत जुळवता येतात. बोर्ड तसा जुळवता येत नाही. ‘बोर्ड मिळत नाही’ असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर बटनाचं मॉडेल सोडा आणि पट्टा हलवून गती बदलणारं, साध्या इंडक्शन मोटरचं घ्या. त्या मोटरचा कपॅसिटर गेला तर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि मोटर जळालीच तर वाइंडिंगवाला ती पुन्हा गुंडाळून देतो.